डाव्या हाताबद्दल खुलासा

२१ ऑगस्ट २०२५
देगलूर

बिलकीस मॅडम,

तुमचा पत्ता सिद्धम्माने दिला. तिच्यावर रागावू नका. ती द्यायला तयार नव्हती. पण तिच्या पाठांच्या वहीवर सही करणारी बाई मीच आहे, तिला नाही म्हणता आलं नाही. म्हणजे इथेही मी माझ्या खुर्चीचा उपयोग केलाच.

फोन करणार होते. मग आठवलं, तुम्हीच एकदा म्हणाला होता, "मायाबाई, तुम्ही फोनवर हॅलो म्हणत नाही, अध्यक्ष महोदय म्हणता." लिहिताना निदान मधे थांबता येतं.

सिद्धम्मा चौथीत तुमच्या वर्गात होती. घरी कानडी, गल्लीत तेलुगू, शाळेत गप्प. ती आता नांदेडला डी.एड. करते आणि सरावपाठांसाठी महिनाभर माझ्या शाळेत आली आहे. परवा तिने माझ्या पाचवीवर मराठीचा तास घेतला. घटक होता क्रियापद ओळखणे. मी मागे वही घेऊन बसले होते.

माझी मुलं क्रियापद कसं ओळखतात ते सांगते. वाक्यातला शेवटचा शब्द उचलतात आणि माझ्यापुढे टाकतात. मीच तसं शिकवलं आहे. परीक्षेत दहापैकी आठ वेळा बरोबर येतं, म्हणून पंचवीस वर्षं कुणी हटकलं नाही.

या पोरीने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ऋतुजाला पुढे बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं आणि ऋतुजा पीठ चाळायला लागली. चाळणी नाही, पीठ नाही, नुसते हात. वर्ग ओरडला, "चाळती! चाळती!" मग कुणी गायीचं दावं सोडलं, कुणी सुईत दोरा ओवला. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर तिने विचारलं, चाळते काय? पीठ. सोडतो काय? दावं. ओवते काय? दोरा. मग म्हणाली, "आता कुणीतरी नुसतं झोपा." बजरंग ताबडतोब आडवा झाला. "हा झोपतो काय?"

वर्ग विचारात पडला. शेवटी एक जण म्हणाला, "काय बी न्हाई मॅडम. हे नुस्तं झोपतंय."

वर्ग हसला. पाठ संपायच्या आत सकर्मक आणि अकर्मक मुलांच्या हातापायांत उतरलं होतं. ते दोन जड शब्द तिने अगदी शेवटी, निरोप दिल्यासारखे सांगितले.

त्यानंतर तिने मुलांना हात कसे वर करायचे ते समजावलं, एक वाक्य दिलं आणि विचारलं, यातलं क्रियापद कोणतं? सगळे हात वर गेले. काही उजवे, काही डावे.

मी उठले. मुलांसमोरच बोलले. "हे नाटक माझ्या शाळेत चालणार नाही. येतं त्याने उजवा हात करायचा, येत नाही त्याने डावा, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबाला वाटावं की सगळा वर्ग हुशार आहे. कुणी शिकवलं तुला हे?"

"बिलकीस मॅडमनी," ती म्हणाली. "साहेबासाठी न्हाई बाई. माझ्यासाठी."

मधल्या सुट्टीत तिने सांगितलं. हात खाली राहिला की सगळा वर्ग वळून बघायचा. डावा वर केला की कुणी बघत नव्हतं, तुम्हाला मात्र कळत होतं. मग खिचडी खाऊन झाली की तुम्ही डाव्या हातवाल्यांना घेऊन नळापाशी बसायचा.

मॅडम, डिसेंबर २०१४ मधल्या त्या शिक्षण परिषदेत तुमच्या आदर्श पाठाला आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे नव्वद शिक्षक बसले होते. घटक हाच होता. सगळे हात वर गेल्यावर मी उठले, माईक मागितला आणि तुमच्या समोर, तुमच्या मुलांसमोर, शाळांमधल्या खोट्या देखाव्यांवर बावीस मिनिटं बोलले. तुम्ही एकदा म्हणालात, "बाई, माझं ऐका तरी." मी ऐकलं नाही. परिषदेला आलेले साहेब म्हणाले लेखी द्या, मी लेखी दिलं. तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडला. सहा महिन्यांत तुम्ही जिल्हा बदलून घेतलात आणि देवणीकडच्या एका वस्तीशाळेवर गेलात. जिल्हा बदलला की ज्येष्ठता पुन्हा शून्यापासून मोजतात, हे माहीत असून गेलात.

मला हे डाव्या हाताचं खरं कारण ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी तशी बोलले नसते.

सिद्धम्मा म्हणाली, मुख्याध्यापकाच्या पदोन्नतीच्या यादीत यंदा तुमचं नाव आलं आहे आणि त्या एका शेऱ्यापाशी अडलं आहे. यादी दिवाळीआधी पक्की होणार. मी गप्प बसणार नाही. ५ सप्टेंबरला लातूरला शिक्षकांच्या मोठ्या मेळाव्यात मी प्रमुख वक्ती आहे. सहाशे लोक असतील. तिथे तुमचं नाव घेऊन माझी चूक सांगणार आहे. ज्या तोंडाने अपमान झाला त्याच तोंडाने भरपाई होईल. तुम्ही या. पहिल्या रांगेत बसा.

महामाया


३० ऑगस्ट २०२५
देगलूर

बिलकीस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती असं लिहिलं तर ते खोटं होईल; टपालवाल्याला दोनदा विचारलं. तुम्ही-तुम्ही लिहायला जमत नाही. नऊ वर्षं एका खोलीत दोन वर्ग घेतले आपण, मधे नुसतं कपाट होतं. मी तूच लिहिणार.

तुझी पद्धत मी माझ्या वर्गात सुरू केली. पहिल्या दिवशी सांगितलं, येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. सिद्धम्मापुढे डावे हात करणारी हीच मुलं, पण माझ्यापुढे एकही डावा हात वर आला नाही. सत्तावीस उजवे! एकेकाला विचारलं तर पंधरा जणांना काही येत नव्हतं. माझ्या वर्गात 'येत नाही' म्हणायला मुलं घाबरतात, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. निर्भय व्हा म्हणून मी दोन जिल्ह्यांत व्याख्यानं देत फिरते.

चौथ्या दिवशी यासेरने दोन्ही हात वर केले.

"हे काय रे?"

"अर्धं येतंय बाई."

मी हसले. मी हसल्यावर वर्ग माझ्याकडे बघतच राहिला. त्यानंतर डावे हात यायला लागले.

सिद्धम्माने वर्गाचे चार कोपरे केले आहेत. हाताची क्रियापदं, पायाची, तोंडाची आणि मनाची. ती शब्द सांगते, मुलं त्या त्या कोपऱ्यात पळतात. निवडणे, पाखडणे, थापणे म्हटलं की हाताच्या कोपऱ्यात रेटारेटी होते. परवा तिने 'भांडणे' सांगितलं आणि वर्गाचे दोन तुकडे झाले. ऋतुजा तोंडाच्या कोपऱ्यातून ओरडली, "आमच्या घरी तोंडानंच असतंय!" यासेर हाताच्या कोपऱ्यातून म्हणाला, "आमच्या गल्लीत येऊन बघ." मी निवाडा द्यायला उठले, तर सिद्धम्माने मला हातानेच बसवलं. दोन्ही कोपरे बरोबर आहेत म्हणाली. पंचवीस वर्षांत मला वर्गात कुणी बसवलं नव्हतं.

मग 'शिजणे' आलं. कुणाचं क्रियापद? भात आपला आपण शिजतो की आई शिजवते? मुलं पाच मिनिटं त्यावर भांडली. प्रयोजक क्रियापदाची व्याख्या मी दर वर्षी लिहून देते आणि दर वर्षी मुलं विसरतात. यंदा विसरणार नाहीत, कारण ती त्यांनी एकमेकांकडून जिंकून घेतली आहे.

फक्त मनाच्या कोपऱ्यात अडचण येते. आठवणे, घाबरणे, लपवणे. लपवणे हाताचं की मनाचं यावर कुणी बोललंच नाही. सगळी दोन कोपऱ्यांच्या मधेच उभी राहिली.

लातूरचं भाषण लिहून काढते आहे. तुझ्या नळापाशी बसण्याचं वर्णन चांगलं जमलं आहे. लोक रडतील.

ये.

माया


३ सप्टेंबर २०२५
देगलूर

बिलकीस,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला, म्हणून आज सकाळी चौथ्यांदा वाचून लिहिते आहे. तुझ्याच ओळी तुला परत पाठवते, म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको.

"मायाबाई, ५ तारखेला ईद-ए-मिलाद आहे, तुमच्या ध्यानात नसेल. मला यायचंही नाही. भाषणात माझं नाव घेऊ नका. तेव्हा टाळ्या तुम्हाला मिळाल्या, आताही तुम्हालाच मिळतील. मी दोन्ही वेळा उदाहरणच. आणि एक विचारते, उत्तर द्यायचं असलं तर द्या. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

ईदचं माझ्या ध्यानात नव्हतं, हे खरं. नऊ वर्षं तुझ्या घरचा बगारा भात खाल्लेल्या बाईच्या ध्यानात नव्हतं. त्याबद्दल मी मान खाली घालते.

पण बाकीचं मला मान्य नाही. जाहीर अपमानाची भरपाई जाहीरच व्हायला हवी. चार भिंतींत मागितलेली माफी ही सोयीची माफी असते. मी आयुष्यभर हेच बोलत आले आहे: अन्याय चौकात झाला तर न्यायही चौकात व्हावा. आता माझ्यावर पाळी आल्यावर मी गुपचूप टपालाने माफी पाठवू? आणि टाळ्यांचं म्हणशील तर टाळ्या मी मागत नाही. लोक वाजवतात.

शेवटच्या प्रश्नाबद्दल. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर हा प्रश्न मला विचारण्यासारखा आहे का?

सिद्धम्माला तुझं पत्र दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, मॅडमचा राग अजून गेला नाही. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "बाई, मॅडमनी विचारलंय त्याचं उत्तर कुठं हाय?"

मी तिला पाठाची वही आणायला पाठवलं.

माया


६ सप्टेंबर २०२५
लातूर

बिलकीस,

सकाळचे आठ वाजले आहेत. लॉजच्या खोलीत बसले आहे. खाली गणपती बुडवायला नेणाऱ्या पोरांचं ताशांना शेक देणं चाललं आहे. माझी गाडी अकराला आहे, तोवर हे लिहून व्हायला हवं; घरी गेले तर पुन्हा सजवून लिहीन.

काल तुझं नाव घेतलं नाही. कागद हातात होता. निवेदकाने माझी ओळख करून दिली, 'तोफ', 'वाघीण' वगैरे सगळं झालं. मी उभी राहिले. सहाशे माणसं. पहिलं वाक्य तुझ्याबद्दल होतं. ते वाचता वाचता लक्षात आलं की त्या वाक्यानंतर मी एक क्षण थांबायचं ठरवलं आहे. टाळ्यांसाठी. कागदावर तिथे पेन्सिलीने खूण होती.

कागद पिशवीत टाकला. पाचवीतल्या मुलांना क्रियापद कसं शिकवावं यावर वीस मिनिटं बोलले आणि बसले. एक गृहस्थ नंतर येऊन म्हणाले, "मॅडम, आज घसा बसला होता का?"

आता तुझा प्रश्न.

मला ठाऊक होतं.

त्या परिषदेच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. मी मधल्या सुट्टीत नळावर हात धुवायला आले होते. तू पायरीवर बसली होतीस. पाच मुली ताटं घासत होत्या आणि तू प्रत्येकीला विचारत होतीस, काय करतेस? घासते. विसळते. पालथं घालते. सिद्धम्माला विसळते म्हणता येत नव्हतं. ती तिच्या भाषेतला शब्द सांगायची आणि तू तो म्हणून दाखवायचीस, मग ती आपला मराठी म्हणायची. मी विचारलं, हे काय चाललंय? तू म्हणालीस, "डाव्या हाताचा वर्ग." आणि दोन वाक्यांत मला सगळं सांगितलंस. मी म्हणाले, छान आहे. हात पुसले आणि गेले.

म्हणजे विसरले होते असंही नाही. परिषदेत बोलायला उठले तेव्हा माझ्याकडे भाषण तयार होतं. महिनाभर मनात घोळत होतं. देखावे, बनावट तपासण्या, कागदावरची गुणवत्ता. भाषण खरंच चांगलं होतं आणि त्यातलं बहुतेक खरंही होतं. फक्त त्याला एक उदाहरण हवं होतं, आणि तुझ्या वर्गाने माझ्यासमोर डावे हात वर केले.

आणखी एक. आदर्श पाठ तुला दिला होता. सोळा वर्षं मी केंद्रात मराठी शिकवत होते, मला कुणी विचारलं नाही. माझ्यामागे लोक म्हणायचे, महामाया बोलते चांगलं, शिकवते बिलकीस. हे माझ्या कानावर आलं होतं.

मी बोलत असताना, मधेच केव्हातरी, माझी नजर सिद्धम्मावर गेली. पुढेच बसली होती. तिचा डावा हात अजून वरच होता. खाली कर असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मला नळ आठवला. अगदी स्वच्छ आठवला. तिथे थांबता आलं असतं. पण लोक ऐकत होते, आणि पुढचं वाक्य चांगलं होतं.

पहिल्या पत्रात ठाऊक नव्हतं असं लिहिलं. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगून सांगून ते माझं पाठ झालं होतं.

ताशे सुरू झाले. थांबते.

माया


१६ सप्टेंबर २०२५
देगलूर

बिलकीस,

तुझं एका ओळीचं कार्ड आलं. "मला माहीत होतं की तुम्हाला माहीत होतं. भाषणाचं दुःख नव्हतं, त्याचं होतं." यावर मी काही लिहीत नाही.

आज तालुक्याच्या कार्यालयात निवेदन दिलं. त्याची नक्कल सोबत आहे, पण इथेही उतरवते.

'डिसेंबर २०१४ च्या शिक्षण परिषदेतील पाठाबाबत मी लेखी निवेदन दिले होते. त्यातील आरोप खोटा होता. डावा हात वर करण्याची पद्धत श्रीमती बिलकीस यांनी मुलांना शिकता यावे म्हणून वापरली होती. त्यांनी ती मला आधीच समजावून सांगितली होती. ते माहीत असताना मी निवेदन दिले. त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करावा. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.'

हे सात वाक्यांचं निवेदन लिहायला मला आठ दिवस लागले. पहिला खर्डा चार पानांचा होता. त्यात शिक्षणव्यवस्था होती, काळ होता, माणसाच्या मनाचे अंधारे कोपरे होते. सिद्धम्माचा इथला शेवटचा दिवस होता. तिला वाचायला दिला. ती बराच वेळ बोटाने ओळी शोधत राहिली.

"बाई, हे लई भारी लिवलंय. पण यात कुणी काय केलं ते कुठं हाय?"

तिने पेन घेतलं आणि 'मी केलं' असं जिथे जिथे होतं तेवढ्या ओळींखाली रेघ मारली. चार पानांत दोन ओळी निघाल्या. उरलेलं मी फाडलं.

कार्यालयातले लिपिक शिवशंकर माझे जुने श्रोते. दर एप्रिलमधल्या माझ्या जयंतीच्या व्याख्यानाला येतात. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"मॅडम, आठ महिने राह्यलेत तुमचे. हे काय करून राहिलात?"

"पोच द्या."

"आवो, त्या मॅडमचा शेरा निघल तेव्हा निघल, पण तुमच्यावर आधी चौकशी लागंल. खोटं निवेदन दिलं म्हणून. निरोपाच्या टायमाला नोटीस घेऊन जाता का घरी?"

"शिवशंकर, शिक्का मारा."

त्यांनी मारला. बाहेर पडताना मागून म्हणाले, "इतकं कमी कधी बोललात न्हाई तुम्ही."

साहेब दोघींनाही बोलावणार आहेत. तुला पत्र येईल. आलीस तर माझ्यासाठी येऊ नकोस, शेऱ्यासाठी ये.

उद्या मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. यंदा भाषण मुलीच करणार आहेत. मी खुर्च्या लावणार आहे.

माया


९ ऑक्टोबर २०२५
देगलूर

बिलकीस,

काल तू समोरच होतीस, म्हणून जे तू पाहिलंस ते पुन्हा सांगायचं कारण नाही. तरी लिहिते. तू बहुतेक वेळ टेबलाकडे बघत होतीस. माझ्या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल.

दोन खुर्च्या सोडून बसलीस. दहा वर्षांनी पाहिलं तुला. केस पांढरे झालेत, मेंदी लावणं सोडलंस वाटतं. मी ते म्हणणार होते आणि म्हणाले नाही.

साहेब तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी माझं निवेदन वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, अकरा वर्षं झाली. आपण असं करू, गैरसमजातून निवेदन दिलं गेलं, असं लिहू. शेरा आज निघेल, तुमच्यावरही काही येणार नाही. दोघींनाही बरं." शिवशंकरने पेन उघडून कागदावर टेकवलंसुद्धा.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस. मला वाटलं, ही हो म्हणेल, हिला शेरा निघण्याशी मतलब. तू काहीच म्हणाली नाहीस. मग माझ्या लक्षात आलं की हे तुला विचारलेलंच नव्हतं. मला विचारलं होतं.

त्या एका शब्दात किती ऊबदार जागा होती, तुला सांगू? मे महिन्यातला निरोपसमारंभ, शाल, नारळ, माझ्या नावावर एक डाग नाही. आणि तुझं कामही होत होतं. कुणाचंच नुकसान नव्हतं. इतकं सोपं खोटं मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हणाले, "गैरसमज नव्हता. मला माहीत होतं. माहीत असून लिहिलं."

साहेब म्हणाले, "पण का?"

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. मनात सगळं रांगेने उभं होतं.

"हेवा वाटला."

शिवशंकरचं पेन थांबलं. "मॅडम, हेवा कार्यालयीन भाषेत कसा लिवायचा?"

"तसाच."

त्यांनी तसाच लिहिला. तेव्हा तू पहिल्यांदा मान वर केलीस. साहेबांनी तुला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का, आणि तू म्हणालीस, "मला त्या दिवशी बोलायचं होतं साहेब. आज ऐकायला आले." ते मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते.

शेरा रद्द झाल्याचा आदेश आठवड्यात तुमच्या जिल्ह्याला जाईल. यादी पक्की व्हायच्या आत. माझी नोटीस आज आली. दहा दिवसांत खुलासा मागितला आहे. खुलासा लिहायला मला आता पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

मग आपण बसस्थानकावर गेलो. म्हणजे तू गेलीस, मी मागून आले. उदगीरची गाडी पाऊण तासाने होती. तू बाकावर बसलीस आणि पिशवी उचलून पलीकडे ठेवलीस. मी बसले. पिशवीतला डबा काढून तू खाल्लास. मला विचारलं नाहीस. ते बरोबर होतं.

पाऊण तासात मी एक शब्द बोलले नाही. तू मधे तीनदा माझ्याकडे पाहिलंस, बहुधा माझी तब्येत बरी आहे ना म्हणून. समोर एक बाई पोराला केळं सोलून देत होती, एक म्हातारा पेपराची टोपी करत होता, गाडी येत होती, माणसं चढत होती, उतरत होती. आपण दोघी ते बघत होतो. इतका वेळ शेजारी शेजारी गप्प आपण कपाटाच्या दोन बाजूंनासुद्धा कधी बसलो नव्हतो.

गाडी लागली. तू चढलीस, खिडकीपाशी जागा धरलीस, काच सरकवलीस आणि म्हणालीस, "मायाबाई, पुढचं पत्र छोटं लिहा. माझा चष्मा बदललाय."

माया